कंपनांतून वीज: पिझोचा हिशेब कुठे जमतो, कुठे नाही

चक्रधर | सोमवार, रात्री ९.१०

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरू लागलाय. जपानमध्ये लोक नुसते चालतात आणि स्टेशन उजळतं, आपण मात्र झोपलोय, दादरच्या पुलावर अशा फरश्या टाका म्हणजे रेल्वेचं वीजबिल शून्य, वगैरे. इथेही मागे कुठल्या कुठल्या धाग्यांत हे येऊन गेलंय, म्हणून एकदाचे आकडे मांडून टाकतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला. पिझो (दाबला की वीज देणारा स्फटिक किंवा सिरॅमिक) सेन्सर रोज हाताळतो, त्यामुळे पिझोवर राग नाही, उलट जीवच आहे. राग त्या व्हिडिओवर आहे.

जपानची गोष्ट खोटी नाही. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने टोक्यो स्टेशनच्या गेटपाशी २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये जमिनीत पिझो बसवून चाचण्या घेतल्या होत्या. पण त्या चाचण्या होत्या. टोक्यो स्टेशन काही पावलांवर चालत नाही.

आता हिशेब. ६० किलोचा माणूस, फरशी पायाखाली ५ मिलिमीटर खचते असं धरू. याहून जास्त खचली तर म्हातारी माणसं पडतील. ६० गुणिले ९.८ गुणिले ०.००५, म्हणजे ढोबळ ३ ज्यूल. आत यंत्र कुठलंही बसवा, एका पावलात साधारण एवढंच आहे. त्यातला तिसरा हिस्सा वीज म्हणून हाती लागला तरी फार झालं, म्हणजे १ ज्यूल. पुलावरून दिवसाला ५ लाख माणसं जातात असं समजा (हिशेबापुरता आकडा, भांडू नका) आणि प्रत्येकाची १० पावलं फरश्यांवर पडतात. झाले ५० लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हाती आलं १.४ युनिट. दहा रुपये दर लावला तर दिवसाची कमाई १४ रुपये. स्टेशनच्या पत्र्यावर ५५० वॉटचं एकच सोलर पॅनल टाकलं तर ते आपल्याकडच्या उन्हात सरासरी दोन युनिटच्या वर देतं, आणि त्याच्यावर कोणी पान खाऊन थुंकत नाही.

पुढची गंमत अशी, की हे १ ज्यूलचं औदार्य पिझोला लागूच नाही. सिरॅमिक ५ मिलिमीटर खचत नसतं, ते मायक्रॉनमध्ये हलतं. बाजारात मिळते ती २७ मिलिमीटरची बझरवाली पितळी चकती घ्या. तिची धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) २० नॅनोफॅरडच्या आसपास. दाबल्यावर ३० व्होल्ट आले तर ऊर्जा अर्धा सी व्ही वर्ग (सी धारिता, व्ही व्होल्ट), म्हणजे ९ मायक्रोज्यूल. एका फरशीत अशा ५० चकत्या ठासल्या तरी पावलाला अर्धा मिलिज्यूलसुद्धा नाही. तीच ५० लाख पावलं या फरशीवर टाकली तर दिवसाअखेर सुमारे ०.६ वॉट-तास जमतात. ५००० एमएएचच्या मोबाइलमध्ये १९ वॉट-तास असतात. म्हणजे पाच लाख माणसं चालवून एका मोबाइलची ३ टक्के बॅटरी.

आणि त्या व्हिडिओत मध्येच ज्या त्रिकोणी हिरव्या फरश्या दिसतात, त्या लंडनच्या पेव्हजेनच्या. त्यात पिझो नाहीच! फरशी खाली गेली की आत जनित्र फिरतं, चुंबक आणि तांब्याची वेटोळी. रिओमधल्या ज्या फुटबॉल मैदानाचे फोटो (२०१४) सगळीकडे असतात, तेही तेच, आणि तिथे जोडीला सोलर पॅनल आहेत. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र सरसकट "पिझो टाइल" छापतात.

मग पिझो कशाला? त्यावर बोलूच. आधी शिव्या घालून घ्या.

---

नाठाळ | सोमवार, रात्री ९.३२

पहिला! १४ रुपयांत एक वडापावही येत नाही हो आता दादरला.

---

निशिगंधा | सोमवार, रात्री ९.५८

चक्रधरदादा, एक बाळबोध शंका. आपला गॅसचा लायटर पिझोच ना? त्यात बॅटरी नाही, वर्षानुवर्षं टकटक करतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पाडतो असं वाचलंय. हजारो व्होल्ट येतात तर मग वीज "नाहीच" कशी म्हणता?

विचारण्याचं कारण, आमची लेक डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्यांच्या ग्रुपने "फूटस्टेप पॉवर जनरेशन" घेतलंय. तुमचा हिशेब वाचून घरात सुतकी शांतता आहे.

---

चक्रधर | सोमवार, रात्री १०.२०

निशिगंधाताई, शंका बाळबोध अजिबात नाही, सगळा घोटाळा इथेच होतो. व्होल्ट म्हणजे नुसता दाब. पिचकारीचं पाणी लांब उडतं म्हणून तिने हौद भरत नाही.

लायटरचा खटका दाबता तेव्हा आत स्प्रिंग दाबली जाते आणि एका टोकाला सुटते. छोटी हातोडी पिझोच्या बोटाच्या पेराएवढ्या दांडीवर आपटते, आपल्याला ऐकू येतो तो "टक्". दहा हजार व्होल्टच्या घरात दाब तयार होतो, पण दांडीची धारिता पिकोफॅरडमध्ये. २० पिकोफॅरड धरली तर ऊर्जा १ मिलिज्यूल. तरी गॅस पेटतो, कारण एलपीजी आणि हवेचं मिश्रण नीट जमलेलं असेल तर त्याला पेटायला पाव मिलिज्यूल पुरतो. ठिणगीचं काम झालं की पुढची सगळी उष्णता गॅसची.

म्हणून लायटर हे पिझोचं माझ्या मते सर्वांत चोख काम आहे. जेवढं लागतं तेवढंच ते देतं, आणि लागतं फार थोडं. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टूर्मलीन, अगदी उसाच्या साखरेच्या स्फटिकावरही हा परिणाम दाखवला. उलटं, म्हणजे व्होल्ट दिले की स्फटिक हलणार, हे लिपमनने पुढच्याच वर्षी गणिताने सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत पिझोचे जे धंदे तगले (सोनार, सोनोग्राफीचा प्रोब, घड्याळातला क्वार्ट्झ, बझर, लायटर) त्यातल्या एकातही वीज साठवायची नाहीये.

---

तपकीर_गल्लीकर | सोमवार, रात्री ११.०५

निशिगंधाताई, लेकीला सांगा प्रोजेक्ट सोडू नको. नाव तेवढं बदल. मी अशा बऱ्याच ग्रुपना सामान काढून दिलंय, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

सगळी पोरं एकच करतात. प्लायवूडवर चकत्या फेव्हिक्विकने सपाट चिकटवायच्या, वरून दुसरं प्लायवूड, आणि त्यावर उड्या. चकती सपाट दाबली तर तिच्यातून काही निघत नाही. तिला वाकवावं लागतं. पितळेची कड फक्त रिंगवर टेकवा, खाली मधोमध पोकळी ठेवा आणि वरून मध्यावर रबराचा छोटा ठिपका लावून तिथेच दाब पडू द्या. पोकळी मिलिमीटरच्या आतच हवी. जास्त वाकली की सिरॅमिक तडकतं. दाब सोसतं ते, ताण सोसत नाही.

सोल्डरिंग: पितळेवर हवं तसं करा. पांढऱ्या बाजूला मात्र चांदीचा पातळ थर असतो. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलात तर चांदी सोल्डरमध्ये विरघळून जाते आणि खालच्या सिरॅमिकला सोल्डर धरत नाही. कडेजवळ, बारीक थेंब, एका सेकंदात उचला.

सगळ्या चकत्या सिरीजमध्ये किंवा पॅरलल जोडून शेवटी एकच ब्रिज (उलटसुलट वीज एका दिशेला वळवणारे चार डायोड) लावतात, तेही बंद करा. पाय सगळ्या चकत्यांवर एकदम पडत नाही. एक चकती दाबली जाते तेव्हा शेजारची सुटत असते, तिची वीज उलट्या दिशेची, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. प्रत्येक चकतीला स्वतःचा ब्रिज लावा आणि डीसी बाजू एकत्र करा. डायोड आहेतच किती महाग.

डायोडवरून आठवलं. यूट्यूबवर सगळे सांगतात शॉटकी डायोड लावा, त्यात व्होल्टचा ड्रॉप (घट) कमी. इथे उलटं आहे. पिझोला व्होल्ट भरपूर, करंट मायक्रोअँपिअरमध्ये. १एन५८१९ या शॉटकीचं उलटं गळतंच इतकं की आलेली वीज परत जाते. साधा १एन४१४८ लावा, त्याची गळती नॅनोअँपिअरमध्ये. ०.६ व्होल्टचा ड्रॉप ३० व्होल्टमध्ये कोण विचारतो?

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७.४०

मीटर लावला तर आमच्याकडे २-३ व्होल्टच दिसायचे, तुम्ही ३० कुठून आणलेत?

---

तपकीर_गल्लीकर | मंगळवार, सकाळी ८.१५

मीटर स्वतःच पिऊन टाकतो. साध्या डिजिटल मीटरचा रोध १० मेगाओम, चकती २० नॅनोफॅरड, म्हणजे ०.२ सेकंदात चार्ज बराचसा गळून जातो, आणि मीटर सेकंदाला दोन-तीनदा वाचतो. शिखर निसटतं. ऑसिलोस्कोपवर बघा, आणि प्रोब १० एक्सवर ठेवून. १ एक्सवर रोध १ मेगाओम, मग अजून वाईट.

---

आप्पा_कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०.३०

नमस्कार मंडळी. माणसांचं राहू द्या, ट्रकचं काय? १६ टनी ट्रक रोज हायवेवरून जातात, ते वजन फुकटच जातंय. इस्राएलने रस्त्यात असं काहीतरी पुरल्याचं वाचलं होतं. आमच्या पुणे-बंगळूर रस्त्यावर काय कमी ट्रक आहेत?

---

चक्रधर | मंगळवार, दुपारी १.१५

आप्पा, नमस्कार. बरोबर वाचलंय. इनोवाटेक नावाची कंपनी, हैफाच्या टेक्निऑनमधल्या संशोधनातून निघालेली. २००९ मध्ये त्यांनी डांबराखाली पिझो पुरून खऱ्या रस्त्यावर चाचणी केली. दावे मोठे होते, रस्ते काही झाले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगानेही २०१७ मध्ये वीसेक लाख डॉलर याच विषयाला दिले.

पण "फुकट" या शब्दाला माझी हरकत आहे. सपाट रस्त्यावर चाक जात असताना खालचा पृष्ठभाग खचला तर चाकाला सतत चढ लागल्यासारखं होतं. ती ऊर्जा डिझेलमधून येते, ट्रकवाल्याच्या खिशातून. रस्ता खचत नसेल तर पिझोला काही मिळत नाही, खचत असेल तर ट्रकचं अ‍ॅव्हरेज पडतं.

जिथे गाडी तसंही ब्रेक मारणारच आहे, तिथे हिशेब वेगळा. टोलनाक्याच्या अलीकडचा पट्टा, खंबाटकीचा उतार. ती ऊर्जा ब्रेक लायनिंगमध्ये जळतेच आहे, ती काढून घेतली तर कोणाचं नुकसान नाही. मात्र तिथे ट्रक १६ टन आणि हलण्याला वाव कित्येक सेंटिमीटर, मग मायक्रॉनमध्ये हलणारं सिरॅमिक कशाला घ्यायचं? हायड्रॉलिक किंवा रॅक-पिनियन लावा. शिवाय डांबर दर पावसाळ्यानंतर उकरलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

---

नाठाळ | मंगळवार, दुपारी १.४०

माझी आयडिया फायनल आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर पिझो लावायचे. छाती हादरते राव आमची, चकत्या का नाही हादरणार?

---

चक्रधर | मंगळवार, दुपारी २.०५

तुला गंमत वाटली तरी हिशेब करूच. १२० डेसिबल म्हणजे कान दुखायची पातळी. तिथे आवाजाची तीव्रता चौरस मीटरला १ वॉट. ३५ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्यावर पडणारा सगळाच्या सगळा आवाज गिळला तरी १ मिलिवॉट. ११० डेसिबलला त्याचा दहावा हिस्सा. अख्खा दरवाजाएवढा पत्रा पिझोचा केलास तर दोन वॉट. ज्या जनरेटरवर ती भिंत चालते तो पन्नास केव्हीएचा असतो.

---

नाठाळ | मंगळवार, दुपारी २.११

ठ्ठो!! म्हणजे एवढं बहिरं होऊनही दोनच वॉट.

---

शंकेखोर | मंगळवार, सायंकाळी ६.२०

ठीक आहे, पण मग जगभरात या विषयावर एवढे पेपर कशाला निघतात? सगळेच येडे आहेत का?

---

चक्रधर | मंगळवार, रात्री ९.४५

येडे नाहीत. ते वॉट मागतच नाहीत, मायक्रोवॉट मागतात.

एमआयटीच्या मीडिया लॅबने १९९८ च्या सुमारास बुटात पिझो बसवला. तळव्याखाली पीव्हीडीएफ या पिझो प्लास्टिकची फित, टाचेखाली पीझेडटी हे पिझो सिरॅमिक. चालताना सरासरी एक-दोन मिलिवॉट. २००१ पर्यंत टाचेचा भाग सुधारून ८.४ मिलिवॉटवर नेला. त्यावर मोबाइल चार्ज करा असं ते म्हणत नव्हते, बुटातून छोटा रेडिओ संकेत पाठवा म्हणत होते. आणि ते घडलं.

दुसरं उदाहरण हृदयाचं. २०१४ मध्ये अमेरिकेत पीझेडटीच्या अतिपातळ पट्ट्या लवचीक पडद्यावर बसवून गाय, मेंढी, डुक्कर यांच्या धडधडत्या हृदयावर लावून वीज काढून दाखवली. पेसमेकरला हवे असतात काही मायक्रोवॉट, आणि त्याची बॅटरी संपली की ऑपरेशन. तिथे मायक्रोवॉटला सोन्याचा भाव आहे.

माझी कसोटी एकच: या विजेशी स्पर्धा कोण करतंय? युनिट-रुपयात विचाराल तर पिझो कधीच जिंकणार नाही. त्याची स्पर्धा सीआर२०३२ या बटण सेलशी आहे. त्या सेलमध्ये २४०० ज्यूल असतात. सरासरी १० मायक्रोवॉट खाणारा सेन्सर त्यावर कागदोपत्री सात वर्षं चालेल. तेव्हा पिझो बसवायचा तिथेच, जिथे तो सेल बदलायला जाणं सेलच्या किमतीपेक्षा शेकडो पटीने महाग पडतं.

---

गिअरबॉक्स | मंगळवार, रात्री १०.५०

आता माझ्या कामाचं निघालं. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बॉयलरचा आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा), मिलचे गिअरबॉक्स, इंजेक्शन पंप, सगळ्यांच्या बेअरिंगवर वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर लावायचा विचार चाललाय. एक विक्रेता येऊन गेला, त्याच्याकडे "बॅटरी-फ्री, पिझो एनर्जी हार्वेस्टिंग" मॉडेल आहे म्हणे, साध्या मॉडेलच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. हादरणाऱ्या जागी हादऱ्यावरच चालणारा सेन्सर, कल्पना तर एकदम पटण्यासारखी आहे. घ्यावा का?

(बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, आम्ही मेगावॉटमध्ये वीज करून ग्रिडला विकतो आणि बेअरिंगवर मायक्रोवॉट शोधतोय.)

---

चक्रधर | बुधवार, सकाळी ६.५०

गिअरबॉक्सराव, विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: तुमचा हार्वेस्टर (कंपनातून वीज काढणारा डबा) किती हर्ट्झला ट्यून केलाय आणि त्याचा पट्टा किती रुंद?

कारण असं. या डब्यात पोलादाची किंवा पितळेची पातळ पट्टी असते, एक टोक पक्कं, पट्टीवर पीझेडटी, मोकळ्या टोकाला वजन. तिची स्वतःची एक वारंवारता असते. मशीनचं कंपन नेमकं त्या वारंवारतेला असेल तर पट्टी खूप हलते, थोडं इकडेतिकडे झालं की ढिम्म. चांगल्या पट्टीचा पट्टा २ टक्क्यांच्या घरात. २४ हर्ट्झला ट्यून केली तर अर्ध्या हर्ट्झचा पट्टा तुमच्या हातात.

४ पोलची छोटी मोटर ५० सायकलला रिकामी १४९० च्या आसपास फिरते, पूर्ण लोडला १४४०. हर्ट्झमध्ये २४.८ आणि २४.०. नुसत्या लोडच्या फरकाने ती पट्ट्याबाहेर जाते. मोठ्या मोटरचा स्लिप (लोडमुळे वेगात पडणारी घट) कमी असतो, पण म्हणून बिनघोर होऊ नका.

अजून एक. या विषयातले जुने गाजलेले प्रयोग अमेरिकेतले. २००३ मध्ये बर्कलीच्या मंडळींनी मायक्रोवेव्ह ओव्हनपासून खिडकीच्या काचेपर्यंत कंपनं मोजली आणि १२० हर्ट्झ, २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग हा नमुना धरून घनसेंटिमीटरला दोन-तीनशे मायक्रोवॉट मिळतील असं दाखवलं. त्यांची वीज ६० सायकल, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि चोक १२० ला गुणगुणतात. आपले १०० ला. तिकडच्या कॅटलॉगमधला १२० चा तुकडा आणून आपल्या ट्रान्सफॉर्मरवर चिकटवला तर जवळजवळ काहीही मिळणार नाही. आणि प्रवेग निम्मा झाला की पॉवर चौथाई होते, हेही लक्षात ठेवा. नीट बॅलन्स केलेला, मजेत चालणारा पंप या डब्याला उपाशी मारतो.

तुमच्या आयडी फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे का?

---

गिअरबॉक्स | बुधवार, सकाळी ९.१५

आहे ना. बॉयलर लोडप्रमाणे ६५० ते ९५० आरपीएम कुठेही. म्हणजे ११ ते १६ हर्ट्झ. संपला विषय.

इंजेक्शन पंप मात्र डायरेक्ट ऑन लाइन, हंगामभर एकाच स्पीडला.

---

टेम्सकाठी | बुधवार, दुपारी ४.३०

इंग्लंडहून. इथे याचं एक चाललेलं उदाहरण आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या पर्पेच्युअम कंपनीचे डबे आमच्या लोकल गाड्यांच्या बोगीवर, चाकांच्या बेअरिंगजवळ बसवलेले असतात. रुळावरच्या हादऱ्यावर स्वतःची वीज करतात आणि बेअरिंगची तब्येत रेडिओने कळवतात. हिताची रेलने ती कंपनी २०२१ मध्ये घेतली. चक्रधरांच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर त्यातही पिझो नाही, हलणारं चुंबक आणि कॉइल आहे. पण कंपनांतून वीज हेच तत्त्व.

तिथे का चाललं याचं उत्तर सेलच्या हिशेबातच आहे. हजारो चाकं, गाडी कारशेडला आणल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि हादरे मुबलक.

---

चक्रधर | बुधवार, रात्री ८.३०

टेम्सकाठी, उत्तम उदाहरण दिलंत. कमी वारंवारता, मोठे हादरे आणि डबा मुठीएवढा चालत असेल तर कॉइल-चुंबक पिझोला भारी पडतं. पिझो खरा शोभतो तो नखाएवढ्या जागेत. कॉइल लहान करत गेलं की तिचे व्होल्ट मिलिव्होल्टवर येतात आणि डायोडच ओलांडता येत नाही. पिझोला ती अडचण नाही.

गिअरबॉक्सराव, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या धंद्यात एक गोष्ट अशी आहे जी त्या विक्रेत्याच्या लक्षात आली नसेल: तुमचा हंगाम संपतो. मार्च-एप्रिलला गाळप थांबलं की प्रत्येक बेअरिंग तसंही उघडता. सेन्सरमध्ये एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असतो, ३.६ व्होल्टचा, त्यात तीस हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा. सरासरी १०० मायक्रोवॉट खाल्ले तरी अनेक हंगाम निघतील. सेल काहीशे रुपयांचा. ऑफ सीझनला फिटर वंगण बदलताना सेलही बदलेल. बॅटरी नको म्हणून दुप्पट पैसे मोजायचं कारण मला तुमच्याकडे दिसत नाही.

दुसरं, बॅटरी-फ्री मॉडेल मशीन बंद पडल्यावर गप्प होतं. पंप ट्रिप झाला त्या क्षणाला काय झालं हे तुम्हाला सर्वांत जास्त हवं असतं, आणि साठवण छोटी असेल तर नेमका तेव्हाच तो झोपलेला असेल.

आणि फुकटच्या ऊर्जेचीच हौस असेल तर तुमच्याकडे वाफेच्या लाइनी आहेत. गरम फ्लँज आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये थर्मोइलेक्ट्रिक तुकडा बसवला, नीट फिन लावले, तर मिलिवॉट सहज मिळतात. ट्यूनिंगची भानगड नाही, व्हीएफडीचं दुःख नाही.

---

आप्पा_कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९.०५

वाचतोय. साखरेचा स्फटिकही पिझो आणि कारखानाही साखरेचाच, हे बरं जमलं. गिअरबॉक्सराव, तुमचा कारखाना उसाची एफआरपी वेळेवर देतो का तेवढं सांगा.

---

गिअरबॉक्स | बुधवार, रात्री ९.३०

आप्पा, अवांतर नको हो, नोकरी आहे माझी.

---

निशिगंधा | बुधवार, रात्री १०.१५

सगळा धागा लेकीला वाचून दाखवला. तिचं म्हणणं, एक्स्टर्नल सर विचारणार "याने काय चालतं?" आणि "९ मायक्रोज्यूल" सांगितलं तर मार्क जातील. काय करावं?

---

तपकीर_गल्लीकर | बुधवार, रात्री ११.००

ताई, एलईडी लुकलुकवून दाखवायचा खेळ सगळेच करतात, परीक्षक कंटाळलेत. तिने असं करावं.

एलटीसी ३५८८ ही चिप याच कामासाठी बनलेली आहे. आत ब्रिज आहे, स्वतः १ मायक्रोअँपिअरच्याही खाली खाते. तयार बोर्ड मिळतो. ३.३ व्होल्टला सेट केली तर इनपुटचा कपॅसिटर ५ व्होल्टला पोचला की ती उठते, ३.७ च्या आसपास आला की झोपते. तिथे १०० मायक्रोफॅरड लावला तर त्या दोन पातळ्यांमध्ये ६०० मायक्रोज्यूल असतात. तेवढ्यात नीट प्रोग्रॅम केलेला कमी खाणारा ब्लूटूथ मॉड्यूल एखादा संदेश पाठवू शकतो. म्हणजे दाराखाली किंवा पायरीत चकत्या बसवायच्या, काही पावलं पडली की मोबाइलवर "कोणीतरी आलं" असा संदेश. बॅटरी कुठेच नाही. एक्स्टर्नलला काय चालतं ते डोळ्यांनी दिसेल.

इनपुटचा तो कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक स्वस्तातला नको, त्याची गळतीच चकतीच्या कमाईइतकी असते. टँटलम किंवा सिरॅमिक बघा. सुपर कपॅसिटर तर अजिबात नको, महिनाभर उड्या माराव्या लागतील.

आणि चकती तुटली तर तुकडे तोंडाजवळ नेऊ नका, कानस मारू नका. पीझेडटीमधला "पी" शिशाचा आहे, वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं.

---

चक्रधर | बुधवार, रात्री ११.२०

वर तपकीरकाकांनी सांगितलंय त्याला एकच पुरवणी. रिपोर्टमध्ये एक आलेख नक्की काढायला सांगा: आडव्या अक्षावर लोड रोध, उभ्यावर पॉवर. हजार ओमपासून १० मेगाओमपर्यंत रोध बदलत जायचं. मध्येच कुठेतरी टेकडी येईल, दोन्ही बाजूंना उतार. चकती हळू दाबली तर टेकडी मोठ्या रोधाकडे सरकते, भराभर दाबली तर लहान रोधाकडे. हा आलेख ज्या ग्रुपकडे असतो त्यांना परीक्षक पुढचे प्रश्न विचारत नाहीत, चहा पाजतात.

---

निशिगंधा | गुरुवार, सकाळी ८.००

दोघांनाही मनापासून धन्यवाद. प्रोजेक्टचं नाव बदलायला गाइड मॅडम तयार झाल्या तर इथे फोटो टाकेन.

---

गिअरबॉक्स | गुरुवार, सकाळी ११.४०

बॅटरीवालं मॉडेल मागवतोय, ठरलं. तरी हौस म्हणून एक पिझो पट्टी इंजेक्शन पंपावर लावून बघणार. त्याआधी कंपन नेमकं किती हर्ट्झला आहे ते मोजायचंय, आणि अ‍ॅनालायझर दुसऱ्या युनिटला गेलाय. मोबाइलने होईल का?

---

चक्रधर | गुरुवार, दुपारी १२.२५

होईल. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम दिसतो. बहुतेक मोबाइलचा सेन्सर सेकंदाला १०० ते ५०० वेळा वाचतो, म्हणजे त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचं खरं दिसतं. तुमचे २४-२५ हर्ट्झ आरामात. बेअरिंगचे वरचे आवाज यात शोधू नका, ते खोटे दिसतील.

मोबाइल कव्हर काढून, दुहेरी चिकटपट्टीने बेअरिंग हाऊसिंगच्या सपाट भागावर घट्ट बसवा. हातात धरू नका, हाताचंच कंपन मोजाल. हाऊसिंग हाताला चटका देत असेल तर शेजारी पेडेस्टलवर लावा. कपलिंग गार्डच्या बाहेर राहा, आणि तीन वेगवेगळ्या वेळी मोजा: सकाळी, दुपारी, आणि रात्री ग्रिडची फ्रिक्वेन्सी जरा वर-खाली असते तेव्हा. तिन्ही शिखरं एकाच जागी आली तरच पट्टी कापायला घ्या.

---

गिअरबॉक्स | गुरुवार, दुपारी १२.४०

मोबाइल फिटरचा लावतो, माझा नवीन आहे. रात्रपाळीचं रीडिंग आलं की टाकतो.